भाच्याचे वरचे दात

मामाचं तोंड मी कधी रिकामं पाहिलं नाही. सकाळच्या कॉफीवर जे पान आत जायचं ते जेवणापुरतं बाहेर यायचं, आणि हात धुतले की दुसरं आत. पितळेचा पानाचा डबा कायम मांडीशी. वरच्या ताटलीत पुसून ठेवलेली कोवळी पानं, खाली सुपारी, एका बाजूला चुन्याची डबी. कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर त्याचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की तो पान गालात सारायचा, समया आणि तपेली काढून दाखवायचा, आणि गिऱ्हाईक विचारात पडलं की पुन्हा चघळायला लागायचा. "त्यांस विचार करायास वेळ लागतो, मला पान खायास," तो म्हणायचा. "दोघांचेंही काम होतें."

मामा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. माझा मुलगा सीनू जन्मला आणि भावाचं नाव मागे पडून तो सगळ्यांचा मामा झाला. गिऱ्हाइकांचा, शेजाऱ्यांचा, शेवटी माझासुद्धा. आईवडील लवकर गेल्यामुळे आम्हां दोघांना अत्यानं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, वाढवलं. मामानं लग्न केलं नाही. कारण विचारलं तर डबा वाजवून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही सवत कोणास चालणार?" खरं कारण अत्या होती असं मला वाटतं. तिच्या हातचं सोडून कुणाचं जेवण त्याला रुचलं असतं, असं नाही वाटत.

मी लग्न होऊन पुण्याला गेले. आमच्या घरातली तंजावुरी मराठी ऐकून सासरची माणसं गालातल्या गालात हसत, मी 'जातों-येतों' करू लागले की नणंद म्हणायची, "वहिनी, तुम्ही पोथी वाचताय का?" लिहायची मराठी मी तिथंच शिकले, आणि आज हे लिहिते आहे ते त्याच शिदोरीवर. सीनूचा जन्म पुण्याचा. डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम हे शब्द सांगितले तेव्हा आमच्या ह्यांनी आधी मामाला कळवलं. मामा दोन गाड्या बदलून आला, बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या छोट्या रुंद तळव्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाला, "मूठ चांगली घट्ट आहे. इकडे काय करतां तिघेच? कुंभकोणमास या. ह्या पोरास माणसें लागतील." ह्यांनी बँकेत बदली मागून घेतली, आणि आम्ही मामाच्या घराच्या माडीवर राहायला आलो.

ह्या मुलांचे दात उशिरा येतात, आणि कधीकधी क्रम सोडून येतात. सीनूचे आले तेव्हा त्याच्या वयाची मुलं चकली फोडत होती. एके दिवशी अत्या त्याला भात भरवत होती, आणि तिचा हात मध्येच थांबला. वरच्या हिरडीवर दोन पांढरे ठिपके होते. खाली काहीच नव्हतं. अत्यानं ताट खाली ठेवलं. आमच्या लोकांत वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात. मामाच्या जिवावर येतं असं मानतात.

त्यावर उपाय असतो. मामानं भाच्याला चांदीची वाटी द्यायची. मामानं दुसऱ्याच दिवशी वाटी आणली, सीनूनं ती फरशीवर आपटून तिला पोचा पाडला, आणि मामा म्हणाला, "झालें, पोचा वाटीस पडला, मी सुटलों." आम्ही हसलो. अत्या हसली नाही. तिचा सगळा जीव मामात अडकलेला, तिला कसं हसू येणार?

गोष्ट तिथंच मिटली असती. पण दाढा आल्या आणि सीनू दात खायला लागला. झोपेत तर खायचाच, पण दिवसाढवळ्या, जागेपणी, खेळता खेळतासुद्धा. जात्यात खडा पडला की जसा आवाज येतो तसा. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझ्या तर मणक्यातून जायचा. ओरडलं की तो आणखी करायचा. अत्या पहिल्यांदा तो आवाज ऐकून देवघरातून बाहेर आली आणि सीनूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामाचें आयुष्य दळतोय."

त्या दिवसापासून घराचे दोन भाग झाले. अत्या सीनूसाठी मऊ दोसै करायची, त्याच्या केसांना तेल लावायची, त्याच्यासाठी नवस बोलायची. पण दात वाजले की उठून आत जायची आणि दार लावून घ्यायची. मामाला सांगायची, माडीवर जाऊं नकोस. मला सांगायची, पोरास दुकानांत पाठवूं नकोस. मला तिचा भयंकर राग यायचा. आणि त्याच वेळी, मामाला साधा खोकला झाला तरी मी रात्री जिना उतरून त्याच्या दाराशी कान लावायचे, हेही खरं आहे. एकीकडे पोटचं पोर, दुसरीकडे भाऊ. आणि तो आवाज थांबता थांबत नव्हता.

मामावर ह्याचा एकच परिणाम झाला. तो रोज माडीवर यायला लागला. अत्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "दळूं दे कीं! माझें आयुष्य फार जाड आहे. थोडें बारीक झालें तर पचेल तरी."

त्याचे उपाय सगळे वेडगळ. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोटात जंत असतील. त्यानं कडुलिंबाचा पाला वाटून गोळ्या केल्या, आणि एकट्या पोराला कडू कसं द्यायचं म्हणून घरातल्या सगळ्यांना खायला लावल्या. आमचे हे तीन दिवस कॉफीची चव लागत नाही म्हणून कुरकुरत होते. सीनूनं गोळी गिळली आणि दात खात बसला. मग मामाला सुचलं, की हा आवाज किती वाईट लागतो ते पोराला ऐकू आलं पाहिजे. तो समोर बसून स्वतःचे दात खाऊ लागला. सीनूला वाटलं, हा नवा खेळ. दोघांनी जुगलबंदी केली आणि मामाच्या दाढेतलं सिमेंट निघून आलं. "पोर जिंकलें," असं म्हणून मामा गाल धरून खाली गेला. शनिवारच्या तेल-अंघोळीला तो कोमट तिळाचं तेल घेऊन सीनूच्या जबड्यावर, कानाखाली, हळूहळू चोळायचा. त्यानं मात्र बरं वाटायचं. सीनू डोळे मिटून घ्यायचा, त्याचा खालचा ओठ सैल पडायचा, आणि निदान तेवढा वेळ घर शांत असायचं.

मुलांच्या डॉक्टरांनी आम्हांला सगळं नीट समजावलं होतं. अशा मुलांत हे बऱ्याचदा दिसतं, जबड्याचे सांधे सैल असतात, दात नीट एकावर एक बसत नाहीत. कान दुखला, नाक चोंदलं, थकवा आला, मन बावरलं तरी वाढतं. कान तपासत राहा, रागावू नका, चघळायला काही द्या, बऱ्याच मुलांचं मोठेपणी कमी होतं. मी ते ऐकून घरी आले आणि रागावायची ती रागावलेच. मामानं मात्र "रागावूं नका" एवढं धरून ठेवलं. त्याच्या लक्षात आलं, की सीनूला वाट बघणं जमत नाही. बस येईपर्यंत, ताट वाढेपर्यंत, गेलेली वीज येईपर्यंत त्याचे दात चालूच. मग मामा त्याला आधीच सांगायला लागला, "आतां बस येणार, मग आपण चढणार." तरी आवाज आलाच तर तो दोन बोटं सीनूच्या गालावर टेकवायचा आणि म्हणायचा, "सावकाश." तेवढंच. "गप्प" नाही, "पुरे" नाही. पुष्कळदा तेवढ्यानं जबडा थांबायचा. नाही थांबला तर मामा बोटं तशीच ठेवून इकडचं तिकडचं बोलत बसायचा.

एकदा आम्ही सगळे जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला गेलो होतो. भजन म्हणणारी भागवत मंडळी यायला उशीर झाला होता, लोक बाहेरच्या ओट्यावर पान खात बसले होते, आणि सीनूचे दात सुरू झाले. माना वळल्या. एका बाईनं मला विचारलं, "ह्यास वैद्यास दाखवलें नाहीं कां?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "ह्या ओट्यावर असकेजण, एकजात सगळे, चघळतात, कोणी विचारत नाहीं. पोराचे तोंडांत पान नाहीं, एवढाच त्याचा अपराध!" मग त्यानं पानाचा डबा सीनूपुढे ठेवला आणि त्याच्या हातात फडकं दिलं. सीनूनं एकेक पान पुसलं, देठ खुडला, आणि आधी त्या बाईला दिलं. तिनं ते घेतलं. भजन सुरू होईपर्यंत सीनू पानं पुसत होता आणि दात शांत होते. त्यानंतर ते त्याचं कामच झालं.

दातांची टोकं झिजायला लागली तेव्हा आम्ही त्याला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. गावात एक तरुण डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. मामा दुकान सोडून बरोबर आला. सीनूनं ती खुर्ची, तो दिवा बघितला आणि ओठ असे मिटले की उघडायला पक्कड लागली असती. मी विनवलं, मग दरडावलं. डॉक्टरीणबाई शांतपणे बसून राहिल्या. शेवटी मामानं चपला काढल्या, पान थुंकून चूळ भरून आला, खुर्चीवर चढून आडवा झाला आणि म्हणाला, "बघ राजा, मामा कसें तोंड उघडतो तें." त्यानं मोठा आ केला. डॉक्टरीणबाईंनीही खेळ समजून आरसा घेतला, "मामांचे दात मोजू या हं," असं तमिळमध्ये म्हणत आत बघितलं.

आणि त्या मोजायच्या थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, मामाचा गाल आतून बोटानं ताणला. जिथं तो वर्षानुवर्षं चुना लावलेलं पान सारून ठेवायचा, त्याच जागी एक पांढरट, खरखरीत चट्टा होता. "हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. मामाला माहीतच नव्हतं. कधी दुखलंच नव्हतं. तोवर सीनू खुर्चीच्या कडेला येऊन उभा राहिला होता आणि मामाच्या शेजारी, आपल्यालाही बघावं म्हणून, आ करून वाट बघत होता. त्याचं तोंडही त्यांनी तपासलं. दुधाचे दात झिजलेत पण दुखत नाहीत, ते पडायचेच आहेत; एवढ्या लहानाला दातांवर टोपण बसवायचं नाही; चघळायला हे द्या, म्हणून त्यांनी रबराची एक नळी दिली. मामाला त्यांनी तंजावूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

तो चट्टा कापून काढला. तपासणीत निघालं की तो बिघडायला लागला होता, पण नुकताच. आणखी वर्षभर तसाच राहिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मामा गाल सुजवून घरी आला तेव्हा अत्या दारातच बसली होती. "मी म्हटलें होतें," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली. "दळलें कीं नाहीं त्यानें?" मामाला बोलायची मनाई होती. तरी तो सुजलेल्या गालानं, तुटक तुटक बोलला, "अत्या, त्याचे दात नसते तर मी त्या खुर्चीवर चढलों असतों कां?" अत्या डोळे पुसून आत गेली. एकाच गोष्टीकडे दोघं दोन टोकांनी बघत होती. अत्या काही बधली नाही.

पान सुटलं. सुटलं म्हणजे डॉक्टरांनी सोडवलं. मामा सोडणाऱ्यांतला नव्हता. डब्यात आता वाळल्या खोबऱ्याचे तुकडे, लवंगा आणि सीनूची रबराची नळी असायची. पण इतक्या वर्षांची सवय, रिकामं तोंडच हलत राहायचं. दुकानात बसल्या बसल्या मामाचा जबडा चालायचा आणि त्याला पत्ताही नसायचा. एका दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले तर मामा गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघत होता, तोंड रिकामंच चालू होतं, आणि सीनू शेजारच्या उलट्या हंड्यावर उभा राहून त्याच्या गालावर दोन बोटं टेकवत होता. "मामा, सावकाश." मी हातातला डबा तिथंच ठेवला आणि गिऱ्हाईक असल्यासारखी समया बघत उभी राहिले. डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

त्या वर्षीपासून सीनूच्या वाढदिवसाला एक नवाच विधी सुरू झाला. सगळे जमले की मामा सीनूला पाटावर उभं करायचा, स्वतः शेजारी छाती काढून उभा राहायचा आणि सीनू तोंड उघडून सगळ्यांना वरचे दात दाखवायचा. मग सीनूनं विचारायचं, "मामा कसा आहे?" आणि जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "बरा आहे!" त्याशिवाय पायसम्, आमच्याकडची खीर, मिळायचं नाही. हे सगळं अत्यासाठी होतं, हे लहान मुलांनाही कळायचं. अत्या खांबाला टेकून खुर्चीवर बसलेली असायची. ती ओरडायची नाही. एकदा मामानं तिला मुद्दाम विचारलं, "अत्या, तूं कां बोलत नाहींस?" ती म्हणाली, "दृष्ट लागते."

वर्षं गेली. सीनूचे पक्के दात आले, वाकडेतिकडे का होईना पण आले, आणि दात खाणं खरंच कमी होत गेलं. तो मामाच्या दुकानात जायला लागला. चिंच लावून पितळ घासणं त्याच्याइतकं चकचकीत कुणालाच जमत नाही. घाई नसते ना. आवाज यायचा तो फक्त वाट बघताना. मामा गावाला गेला आणि बस चुकली, की आम्हांला माडीवरून खाली ऐकू यायचं. आपल्यालाही कुणी अशी दात झिजवून वाट बघितलेली हवी, असं हे म्हणायचे.

मामा गेल्या वर्षी गेला. सकाळची कॉफी पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, चट्ट्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरीही मी अत्याकडे बघायचं टाळत होते. ती आता फार म्हातारी झाली आहे, भिंतीला धरून चालते. एवढ्या वर्षांचं जे वाक्य तिच्या ओठांवर होतं ते आता ती बोलेल, आणि सीनू ते ऐकेल, ह्याची मला मामाच्या जाण्याइतकीच भीती वाटत होती. सीनू आता मोठा आहे, त्याला कळतं. ती काही बोलली नाही. पण सीनूकडे बघितलंही नाही.

आणि सीनूचे दात पुन्हा सुरू झाले. लहानपणी असायचे त्याहून वाईट. दुकानाच्या पायरीवर बसून, रस्त्याकडे बघत, दिवसभर. डॉक्टरीणबाईंनी आता दातांवर बसणारं टोपण करून दिलं, ते तो झोपताना लावतो. दिवसा काय करणार? मामा गेला हे त्याला सांगितलं होतं, अंत्यविधी त्यानं पाहिले होते. पण आपण रोज ज्याला सांगत आलो, की आता येणार, मग आपण चढणार, त्यानं न आलेल्या बसचं काय करायचं? मी त्याच्या गालावर बोटं ठेवून बघितली. त्यानं माझा हात बाजूला केला, रागानं नाही, फक्त हा हात मामाचा नव्हता.

मग त्याचा वाढदिवस आला. करायचा की नाही ह्यावर आमची चर्चा चालली असताना त्यानं स्वतःच पाट मांडला. शेजारपाजारची माणसं जमली, नेहमीसारखी. सीनू पाटावर उभा राहिला, शेजारची जागा त्यानं रिकामी सोडली, आणि आ करून सगळ्यांना वरचे दात दाखवले. झिजलेले, तिरपे. मग त्यानं विचारलं, "मामा कसा आहे?"

शेजाऱ्यांनी माना खाली घातल्या. हे खिडकीकडे बघायला लागले. मी वाट्या मोजत राहिले. सीनू एकेकाच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता. आणि वाट पाहता पाहता त्याचे दात वाजायला लागले. त्या शांत खोलीत तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

अत्या खुर्चीतून उठली. मला वाटलं, आता ती आत जाईल आणि दार लावून घेईल, जशी एवढी वर्षं गेली. ती भिंत धरून, मग खांब धरून, मग काहीच न धरता पाटापर्यंत आली. सीनू तिच्याहून उंच, पाटावर म्हणून आणखी उंच. तिनं हात वर केला आणि दोन बोटं त्याच्या गालावर टेकवली.

"बरा आहे रे," ती म्हणाली. "सावकाश."

सीनू थांबला. अत्या तशीच, हात वर धरून उभी राहिली, आणि मग मागे न बघता मला म्हणाली, "वत्सू, पायसम् आण. पोर केव्हांचें उभें आहे."